आक्षेप अकरा, उत्तर तिसऱ्या जुडीत

मास्तर ओब्रीने अखेर गुडघे टेकले. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या बुधवारी, बिशपच्या दालनात, उघड्या डोक्याने, दोन साक्षीदार आणि एक पेंगणारा लेखनिक यांच्या समक्ष त्याने शुद्ध लॅटिनमध्ये कबूल केलं, की माणसाने चांगलं का वागावं आणि चांगलं वागून त्याला सुख कुठून मिळतं, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याचा शिकवण्याचा परवाना काढून घेतला. त्याला मागच्या दाराने घालवलं.

हे आपण ऐकलंच नाही असं समजू. असं काही घडलेलं नाही. बुधवार अजून सोळा दिवस लांब आहे, परवाना पेटीत सुखरूप आहे, सोमवारची दुपार आहे, आणि ओब्री पॅरिसमधल्या आपल्या खोलीत वाटाण्याच्या रश्शात पाव बुडवून खातो आहे. वय एकोणचाळीस, धर्मशास्त्राचा मास्तर, डावा गुडघा जरा कुरकुरतो. तेवढं सोडलं तर त्याचं आणि देवाचं बरं चाललं होतं.

एवढ्यात एव्रार आला. एव्रार म्हणजे त्याचा जुना सोबती. वीस वर्षांपूर्वी दोघांनी एकाच पेंढ्यावर बसून लॅटिनची क्रियापदं घोकली होती. आता तो विद्यापीठाच्या कुलपतींच्या कचेरीत कारकून होता. त्याने न विचारता पावाचा तुकडा तोडला.

"ओब्री, तू धाडसी निघालास."

"कशात?"

"सुख मिळायला देव लागत नाही. चांगलं वागणं हा बिनडोकांचा उद्योग आहे. मांजर संतापेक्षा सुखी असतं. हे लिहायला छाती लागते. मी तर घरात एकटा असतानासुद्धा बोलणार नाही."

"ते आक्षेप आहेत, एव्रार. माझं मत नाही ते."

"अस्सं."

"आक्षेप आधी मांडायचे असतात. तुला सांगायला हवं का हे?"

"मला नको सांगू. बिशपच्या समितीला सांग."

वर्षातून दोनदा मास्तर लोकांना भर सभेत उभं राहून कुणाच्याही, कसल्याही प्रश्नाला उत्तर द्यावं लागे. यंदा ईस्टरआधीच्या उपासांत ओब्रीची पाळी होती. रीत अशी, की आधी समोरच्याच्या बाजूने बोलता येईल तेवढं बोलायचं. त्याची तलवार आपणच परजून त्याच्या हातात द्यायची. मग 'परंतु याच्या उलट' म्हणून वळायचं, आणि 'मी उत्तर देतो' म्हणून ती अलगद काढून घ्यायची. मास्तर जितका सज्जन, तितके त्याचे आक्षेप धारदार. ओब्री फार सज्जन होता. त्याने अकरा दिले होते.

"मग पुढे उत्तर आहे ना," ओब्री म्हणाला. "वाच की पुढे."

"कुठे पुढे?" एव्रारने बाहीतून एक नक्कल काढून रश्शाच्या वाडग्याशेजारी पसरली.

ओब्रीने वाचलं. अकरावा आक्षेप होता. अकराव्या आक्षेपाखाली, मधे बोटभरही जागा न सोडता, लिहिलं होतं: 'आणि म्हणून हे निर्विवाद आहे, ज्याला हे पटत नाही, त्याला मासा आणि देवदूत यांतला फरक कळत नाही.'

"हे इथलं नाही," ओब्री म्हणाला. "हे पुढच्या प्रश्नातलं आहे. देवदूत जेवतात का, त्यातलं."

"इथे मात्र झकास बसलंय."

"मधलं गळालंय, एव्रार. उत्तर गळालंय."

"गावात अशा चाळीसेक नकला आहेत. चाळिसांतही गळालंय." एव्रारने पाव रश्शात बुडवला. "समिती सात जणांची आहे. तिघांचं म्हणणं, इतके चांगले आक्षेप प्रामाणिक माणसाला सुचूच शकत नाहीत. दोघांनी ते घरी न्यायला मागून घेतले. उरलेल्या दोघांनी वाचलेले नाहीत, पण ते चिडलेत."

"मी उत्तर पुन्हा लिहून देतो. आज संध्याकाळच्या आत."

"आरोपानंतर सुचलेलं उत्तर धरत नाहीत. मूळ आण. बुधवारपर्यंत, म्हणजे सोळा दिवस आहेत. नाहीतर आक्षेप तुझेच, आणि परवाना आमचा." तो उठला, दारापर्यंत गेला, आणि मित्रासारखा वळला. "पण लिहिलंस तर मला दाखव हं. खरंच उत्सुकता आहे. त्या सातव्या आक्षेपाला तू काय म्हणाला होतास?"

ओब्रीने तोंड उघडलं. तोंडात पाव होता. तो त्याने गिळला. तरीही काही बाहेर आलं नाही.

त्या व्याख्यानाची पक्की प्रत एकच होती आणि ती एर्सांबाईंच्या दुकानात होती. एर्सांबाई विधवा, पुस्तकं नकलायला भाड्याने देत. अख्खं पुस्तक मात्र कुणाच्या हाती पडत नसे. चार-चार चामडी पानांच्या सुट्या जुड्या करून ठेवायच्या. एकाने पहिली न्यावी, दुसऱ्याने दुसरी, आणि एका वेळी सहा जणांनी एकच पुस्तक उतरवून घ्यावं. ज्याने ही युक्ती काढली तो हुशार असणार. माणसं जुडी परत आणतीलच असं नाही, एवढंच त्याने धरलं नव्हतं. आणि तिसरी जुडी मिळाली नाही तर चौथी उतरवताना मधे चार पानं कोरी सोडायची असतात. पण कोरं चामडं तसंच सोडून द्यायला विद्यार्थ्याचा जीव धजत नाही.

"तिसरी बाहेर गेलीय," एर्सांबाई म्हणाल्या.

"कधी?"

"ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, त्याच्या आदल्या दिवशी."

"बाई, महिना झाला. नियम एका आठवड्याचा आहे."

"पवित्र आठवडा मी धरत नाही. ईस्टरचा आठवडा कुणीच धरत नाही. त्याच्या पुढचे दोन माझ्या टाचेला गळू होतं. ते कसे धरणार? तेव्हा हिशेबाने आज कुठे पहिला दिवस."

"नेली कुणी?"

"नाव विचारत नाही आम्ही. नावं खोटी सांगतात लोक. तारण खोटं बोलत नाही." त्यांनी फळीकडे बोट केलं. जुड्यांच्या जागा आखलेल्या होत्या. तिसऱ्या जागी एक तांब्याचं भांडं पालथं ठेवलेलं होतं. "तारण आहे म्हणजे जुडी आहे. पुढच्या सोमवारी या."

"माझा जीव टांगणीला लागलाय, बाई."

"सगळे असंच म्हणतात. परवा एक जण व्याकरणासाठी रडत होता."

ओब्रीने मनाशी म्हटलं, आठवडाभर थांबायची काय गरज? उत्तर माझंच आहे. डोक्यात कुठेतरी असणारच.

तो फुल्ककडे गेला. फुल्क त्याच्या हाताखालचा उपाध्याय; त्या दिवशी सगळं टिपून घेण्याचं काम त्याचं होतं.

"मी मेणाच्या पाटीवर टिपलं," फुल्क म्हणाला. "मग पक्क्या प्रतीत उतरवलं. मग पाटी पुसली. पाटी पुसायची असते, मास्तर."

"एक वाक्य आठव."

फुल्कने डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. "तुम्ही खोकलात."

"मग?"

"मग सगळे रडले."

"खोकल्यामुळे?"

"नाही हो. मधे काहीतरी होतं."

"तू स्वतःच्या हाताने दोनदा लिहिलंयस ते."

"लिहिताना कोण ऐकतं, मास्तर?"

प्रश्न तेवढा दोघांना आठवत होता. दारापाशी उभ्या असलेल्या एका माणसाने, टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरून, साध्या रस्त्यावरच्या फ्रेंचमध्ये विचारला होता. 'माझ्या बायकोने कधी कुणाचं वाईट केलं नाही. तिला सुखही कधी लागलं नाही. आता मरायला टेकलीय आणि विचारते, मी चांगली का वागले? तिला काय सांगू?' सभेच्या लेखनिकाने याचं लॅटिन केलं: 'चांगुलपणाचा पाया सुख हा आहे काय, असल्यास, ते सुख कोठे असते?' मग ओब्री बोलायला उभा राहिला, आणि पाऊण तासाने चारशे माणसं डोळे पुसत होती.

त्या चारशेंपैकी सदतीस जणांना ओब्री चार दिवसांत भेटला. कॅथेड्रलच्या एका वृद्ध धर्माधिकाऱ्याने त्याचे दोन्ही हात धरले. "मास्तर, त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं." कशाने, ओब्रीने विचारलं. "तेच तर," म्हातारा म्हणाला. एका भाषेच्या शिक्षकाने उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. तो चौथा आक्षेप होता. एका डॉमिनिकन भिक्षूला आठवत होतं, की उत्तर फार सोपं होतं. इतकं सोपं, की लक्षात ठेवायची गरजच वाटली नाही.

आक्षेप मात्र साऱ्या गावाला पाठ होते. तिसरा, मांजराचा, दारूच्या गुत्त्यात भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहिला होता. खाली मांजरही काढलं होतं, आणि ते खरंच सुखी दिसत होतं. एक लठ्ठ व्यापारी ओब्रीला भर बाजारात मिठी मारून म्हणाला, "तुमच्यामुळे मी उपास सोडले, बायको सोडली, आणि भावाशी बोलणं सोडलं. तीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं." ओब्री म्हणाला, अहो, त्याला उत्तर आहे. "असेल," व्यापारी म्हणाला. "तुम्हाला कुणी मागितलंय?"

तो खोलीत येऊन लिहायला बसे. पहिल्या सहा आक्षेपांची उत्तरं तो जेवणाआधी देई. मग सातवा येई. सातवा असा होता: जो सुख मिळावं म्हणून चांगला वागतो तो चांगला नव्हे, तो गिऱ्हाईक आहे. आणि ज्याला सुखाची पर्वा नाही, तो चांगला वागला तरी त्याला स्वर्ग देणं म्हणजे आंधळ्याला आरसा. तेव्हा देवाने बक्षीस ठेवलंय ते एकतर लायकी नसलेल्यासाठी, नाहीतर नको असलेल्यासाठी.

ओब्रीने लिहिलं, की देवावर प्रेम करणं हेच सुख आहे. सातवा आक्षेप म्हणाला, मग प्रेम करतोस ते त्याच्यासाठी की सुखासाठी? त्याने ते खोडलं. त्याने लिहिलं, की खरं प्रेम असा हिशेब करत नाही. सातवा म्हणाला, मग तू आत्ता काय करतो आहेस? त्याने तेही खोडलं. हा आक्षेप आपणच मांडला, आपणच इतका गुळगुळीत घासला की धरायला कुठे कंगोराच ठेवला नाही, या विचाराने त्याला स्वतःचा रागही येईना. एका मास्तराने उत्तम काम केलं होतं. दुसऱ्या मास्तराला त्यातून वाट मिळत नव्हती. दोघांचं नाव ओब्री होतं.

शुक्रवारी पुलावरच्या लंगड्या भिकाऱ्याने नेहमीसारखा हात पुढे केला. ओब्रीने पाव काढला आणि थांबला. द्यायचा तर का द्यायचा? देऊन आपल्याला बरं वाटावं म्हणून दिला, तर तो आपण आपल्यालाच दिला. बरं वाटू नये असा दिला, तर आधी वाईट वाटून घ्यायला हवं, आणि त्यासाठी देऊ नये हे उत्तम. पाव हवेत धरून तो उभा राहिला. मागे माणसं खोळंबली.

"मास्तर," भिकारी शेवटी म्हणाला, "द्या नाहीतर चालू लागा. माझा धंदा आहे."

"मला एक सांग. मी तुला रोज पाव का देत होतो?"

"मी मागत होतो म्हणून."

"बस? एवढंच?"

"आणखी काय पाहिजे? ओरडू का?"

ओब्रीने पाव दिला. देताना त्याला काहीच वाटलं नाही. भिकाऱ्याने पावाकडे पाहिलं, ओब्रीकडे पाहिलं, आणि पाव जरा संशयाने हुंगला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा म्हणताना त्याचा आवाज नेहमीसारखा होता. 'देव प्रीती आहे' म्हणताना त्याला वाटलं, हा आठवा आक्षेप तर नाही ना? पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी, तसं त्याचं मन सारखं त्या हरवलेल्या उत्तराच्या जागी जात होतं. जागा शाबूत होती. तिचा आकार कळत होता. त्या पाऊण तासात, त्या टोपीवाल्याकडे बघत असताना, आपल्याला सगळं समजलं होतं, आणि ते समजणं हेच सुख होतं, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. परवान्याचं काय, परवाना गेला तर अमियँ गावी भावाकडे मेंढ्या राखता आल्या असत्या. पण मेंढ्या राखताना आपण त्यांना का राखतोय, हे कुणी सांगायचं? त्याने वेदीची कड घट्ट धरली. लोकांना वाटलं, मास्तर भक्तीत तल्लीन झालेत. दोघी-तिघींनी तर डोळे पुसले.

सोमवारी तो दुकान उघडायच्या आधी दारात होता. तिसऱ्या जागी भांडंच होतं.

"नाही आली," एर्सांबाई म्हणाल्या. त्यांनाही जरा वाईट वाटलेलं दिसलं. "आता तुम्ही भांडं बघू शकता. आठवडा झाला."

ओब्रीने भांडं हातात घेऊन सगळीकडून पाहिलं. "भांडं आहे," तो म्हणाला.

"चौदा वर्षं शिकलात ना धर्मशास्त्र?"

"सोळा."

"आत बघा, मास्तर. निळं आहे. निळ्या हाताची माणसं कुठे राहतात?"

निळ्या हाताची माणसं गावाबाहेर, बिएव्र नदीच्या काठी राहत. रंगाऱ्यांची वस्ती. नदीसुद्धा तिथे दिवसाआड रंग बदलायची. ओब्री भांडं काखेत मारून निघाला तो जवळजवळ धावतच. ज्या पहिल्या माणसाला त्याने भांडं दाखवलं त्याने अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात लांबेर नावाचा रंगारी रंगाच्या लाकडी टिपावर वाकून काठीने कापड ढवळत होता. कोपरापर्यंत निळा. त्याने वर पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, आणि ओब्री शेजारच्या टिपाच्या कडेवर टेकायला गेला. तोच माणूस होता.

"या, मास्तर. तिथे नका बसू, निळे व्हाल. भांड्यासाठी आलात?"

"जुडीसाठी."

"हां," लांबेर म्हणाला. "ती."

त्याने काठी बाजूला ठेवली. हात पुसले, त्याने काही फरक पडला नाही.

"तुम्ही त्या दिवशी बोललात, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. सगळं लॅटिन. पण मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. आमचं कापड टिपातून वर काढलं ना, की आधी पिवळट हिरवं असतं. वाटतं, वाया गेलं. मग वारा लागतो आणि बघता बघता निळं होतं. तसं तुमचं तोंड झालं. म्हटलं, या माणसाला ठाऊक आहे. घरी येऊन इदुआनला सांगितलं, मास्तरांना ठाऊक आहे. ती म्हणाली, काय ठाऊक आहे? म्हटलं, लॅटिनमध्ये आहे. म्हणाली, मग आण की."

"म्हणून तू जुडी नेलीस."

"बाईंना विचारलं, त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या जुडीत आहे? त्यांनी काढून दिली. आमच्या फादरांनी तिच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. त्यांना लॅटिन वाचता येतं, कळत नाही. दोनदा वाचलं."

"मग? ती काय म्हणाली?"

"'हं' म्हणाली."

ओब्री पुढे सरकला. "कसं म्हणाली? कळल्यासारखं? की विचारल्यासारखं?"

लांबेरने विचार केला. "हं," तो म्हणाला, आणि मान हलवली. "नाही. असं नव्हतं. हं." पुन्हा मान हलवली. "थोडं खालून होतं."

"हं?" ओब्री म्हणाला.

"छे. तुमचं फार शिकल्यासारखं येतंय."

भर दुपारी, उन्हात, दोघे जण टिपाशेजारी उभे राहून बराच वेळ हं म्हणत राहिले. शेजारची एक बाई कापड वाळत घालता घालता थांबली आणि मुकाट्याने आत निघून गेली. एकदा लांबेरचं जवळपास जमलं. त्याचा चेहरा बदलला, आणि त्याने काठी उचलून टिपात घातली.

"ईस्टरच्या आदल्या शनिवारी गेली," ढवळता ढवळता तो म्हणाला. "जुडी छातीशी धरलेली. बोटं सुटेनात. जोर लावला असता तर सुटली असती. पण म्हटलं, प्रश्न तिचा होता. उत्तरही तिचंच. भांडं राहू दे बाईंना."

ओब्री निळ्या टिपाच्या कडेवर बसला.

वस्तीतल्या चर्चमागच्या आवारात इदुआनची जागा होती. माती अजून बसली नव्हती. कडेने गवत उगवू लागलं होतं. चार हात खाली चार चामडी पानं होती. चामडं महिन्याभरात सडत नाही. शाई राहते. ओब्रीने हे सगळं येतानाच मनात मोजलं होतं, आणि मोजलं म्हणून त्याला स्वतःची किळसही आली नव्हती. लांबेर न सांगता फावडं घेऊन आला होता.

"बुधवारी माझी सुनावणी आहे, लांबेर. या बुधवारी नाही, पुढच्या. ती पानं मिळाली नाहीत तर माझं सगळं जाईल." आणि मग, कारण तिथे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, "सगळं गेलंच आहे. मला ते काही केल्या आठवत नाही. मी रोज उठतो आणि का उठलो ते ठाऊक नसतं. तुझ्या बायकोने विचारलं ना, ते आता मी विचारतोय. मला कुणीतरी सांगायला हवं. आणि सांगणारा मीच होतो."

लांबेरने फावड्यावर दोन्ही हात ठेवले. "मी नाही म्हणणार नाही, मास्तर. तुमचे उपकार आहेत. पण तिचं काहीही करायचं तर मी आधी तिला विचारायचो. आता तुम्हालाच विचारतो. तिच्या हातातून ते काढून घेणं चांगलं की वाईट? चांगलं म्हणालात तर आत्ता खणतो."

ओब्रीने भुसभुशीत मातीकडे पाहिलं.

खणणं चांगलं असेल, तर कशासाठी चांगलं? आपल्याला पुन्हा सुखी व्हायचंय म्हणून? मग आपण गिऱ्हाईक. मेलेल्या बाईच्या बोटांतून माल ओढणारं गिऱ्हाईक. खणू नये, तर का खणू नये? चांगुलपणापायी? पण चांगुलपणा कशावर उभा आहे, तेच तर खाली पुरलेलं होतं. उत्तर हाती आल्याशिवाय खणावं की नाही हे ठरत नव्हतं, आणि खणल्याशिवाय उत्तर हाती येत नव्हतं. सातव्या आक्षेपाला आता मूठ आणि पातं होतं, आणि तो लांबेरच्या हातात होता.

"काय म्हणता?" लांबेर म्हणाला.

"मला जरा विचार करू दे."

"करा. ती कुठे जात नाही."

ओब्रीने फावड्याला हात लावला. काढला. पुन्हा लावला. लांबेर टोपी छातीशी धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, अगदी सभेत बघत होता तसाच. कधी वारा लागतो आणि रंग पालटतो याची तो वाट बघत होता. ओब्रीला ती नजर सोसवेना. आपलं तोंड अजून हिरवंच आहे, हे त्याला न बघता कळत होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. लांबेर म्हणाला, "टिपात कापड आहे, मास्तर. नासेल." फावडं त्याने तिथेच टेकवून ठेवलं, ओब्रीच्या हाताशी, आणि तो गेला.

फावड्यासोबत एकटा राहिल्यावर, आपण खणणार नाही आणि का खणणार नाही हेही आपल्याला कधी कळणार नाही, एवढं ओब्रीला कळलं. निराशेची सुद्धा एक पायरी असते, जिच्याखाली माणूस कचेरीकडे वळतो. तो उठला, घरी गेला, आणि त्याने लिहायला घेतलं. या वेळी पान एकदाही खोडावं लागलं नाही.

'प्रति, बिशपमहोदयांची कचेरी, पॅरिस. निम्नस्वाक्षरीकार मास्तर ओब्री, धर्मशास्त्र विभाग, सविनय सादर करतो ते येणेप्रमाणे. अर्जदाराच्या व्याख्यानाची तिसरी जुडी मयत इदुआन, रंगारी लांबेर याची पत्नी, हिच्या ताब्यात आहे. सदर मयतास जुडी परत करण्याविषयी कळविण्याची सोय अर्जदाराकडे नाही. तरी, मयताची बोटे न सोडवता, चार पाने वाचून होईतो, सदर कबर उघडण्यास परवानगी मिळावी. सदर कृत्य चांगले की वाईट हे अर्जदारास तूर्त सांगता येत नाही. सबब कचेरीने ते चांगले असल्याचा तात्पुरता दाखला द्यावा, कारणे अर्जदार वाचनानंतर स्वतंत्रपणे सादर करील. वरील गोष्ट शक्य नसल्यास, अंतिम न्यायाच्या दिवशी, सर्व मृत उठतील तेव्हा, मयत जुडीसह स्वतःहून वर येणार असल्याने, अर्जदाराची सुनावणी तोपर्यंत तहकूब ठेवण्यात यावी. आणि त्या दिवशी होणारी गर्दी लक्षात घेता मयतास समितीपुढे सर्वांत आधी बोलावण्यात यावे, ही विनंती.'